पेन्सिल उघडून पाहू या: गाभा, लाकूड, टोक आणि घरी करता येण्याजोग्या चाचण्या

एकाच कंपनीच्या तीन पेन्सिली घ्या: २एच, एचबी आणि ६बी. लांबी सारखी, जाडी सारखी, वजनातला फरक हाताला जाणवणार नाही इतका. तरी २एचची रेघ फिकट आणि बारीक येते, ६बीची काळीभोर येते आणि बोट फिरवलं की पसरते. तिन्हींच्या आत ग्राफाइटच आहे. फरक आहे तो त्यात मिसळलेल्या मातीचा, आणि पेन्सिलीचा बहुतेक सगळा स्वभाव या मातीवर ठरतो. कठीणपणा, काळेपणा, टोक किती टिकेल, खोडल्यावर कागदावर काय उरेल, एवढंच काय, तिच्यातून वीज किती सहज वाहेल, हे सगळं त्या प्रमाणाशी येऊन थांबतं.

हे नुसतं वाचून फारसं लक्षात राहत नाही, करून पाहिलं की राहतं. त्यासाठी या तीन पेन्सिलींखेरीज एक स्वस्तातली जुनी पेन्सिल (ही चिरायची आहे), भिंग, धारदार कटर, बारीक पॉलिश पेपर, दोन प्रकारचे खोडरबर, साधे पांढरे कागद आणि स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा लागेल. मल्टिमीटर (विजेला होणारा विरोध मोजणारं छोटं यंत्र) असेल तर उत्तम. नसेल तर विजेचा भाग नुसता वाचला तरी चालेल.

पहिलं काम: पेन्सिल चिरणं

आधी पेन्सिलीची न तासलेली बाजू भिंगातून पाहा. मध्ये काळा ठिपका, भोवती लाकूड. लाकडावरच्या रेषा एका अर्ध्यात एका दिशेनं आणि दुसऱ्या अर्ध्यात वेगळ्याच दिशेनं गेलेल्या दिसतील, कारण पेन्सिल एका काडीला भोक पाडून बनत नाही. लाकडाच्या पातळ पट्टीवर शेजारीशेजारी अर्धगोल खाचा पाडतात, खाचांत गाभ्याच्या कांड्या ठेवतात, वरून तशीच दुसरी पट्टी गोंद लावून दाबून बसवतात. गोंद वाळला की या जोडपट्टीतून एकेक पेन्सिल कापून काढतात. षटकोनी आकारात लाकूड कमी वाया जातं, पेन्सिल टेबलावरून घरंगळतही नाही.

दोन अर्ध्यांमधला सांधा शोधा. काही पेन्सिलींवर तो रंगाखाली पूर्ण झाकलेला असतो. तिथे मागचा अर्धा सेंटिमीटर रंग पॉलिश पेपरनं घासून काढा. आता पेन्सिल टेबलावर उभी धरा, कटरचं पातं सांध्यावर टेकवा आणि वरून हलके ठोके द्या. बोटं पात्याच्या रेषेत नकोत. लहान मुलं सोबत असतील तर हे काम मोठ्यांनीच करावं. गोंद चांगला असेल तर ती सांध्यावर न फाटता लाकडातच फाटेल. ते चांगल्या पेन्सिलीचं लक्षण.

आतली कांडी सोडवून घ्या. साध्या लिहिण्याच्या पेन्सिलीत ती सुमारे २ मिलिमीटर जाड असते. ६बीसारख्या मऊ पेन्सिलीत मुद्दाम जाड ठेवतात, नाहीतर ती वापरताना टिकणार नाही. दोन्ही हातांनी धरून कांडी वाकवायचा प्रयत्न करा. ती वाकत नाही, सरळ कट्‌कन मोडते. मोडलेली कड भिंगाखाली धरलीत तर तुटलेल्या कौलासारखी खरखरीत दिसेल. ही तुलना नुसती दिसण्यापुरती नाही, कारण आत खरोखर भाजलेली माती आहे.

हा गाभा बनतो कसा

आपण सगळे त्याला शिसंच म्हणतो, आणि इथेही म्हणणार आहे, पण त्यात शिसे हा धातू नाही. इंग्लंडच्या कंब्रिया भागात, बॉरोडेलच्या दरीत, सोळाव्या शतकात अतिशय शुद्ध आणि घट्ट ग्राफाइटचा साठा सापडला. काळा, चकचकीत, हाताला लागणारा हा पदार्थ लोकांना शिशाचाच प्रकार वाटला. १७७९ मध्ये कार्ल शीले या रसायनशास्त्रज्ञानं तो कार्बन असल्याचं दाखवेपर्यंत हा समज टिकला, नाव तर अजून टिकून आहे. बॉरोडेलचा दगड इतका घट्ट होता की त्याच्या सरळ करवतीनं काड्या कापून लाकडात बसवता येत. तोफगोळ्यांच्या साच्यांना आतून लावायलाही तो लागे, त्यामुळे मोल मोठं. चोरी इतकी व्हायची की १७५२ मध्ये ब्रिटिश संसदेला तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला.

मग युद्ध आलं. क्रांतीनंतरच्या फ्रान्सला इंग्लिश ग्राफाइट मिळेनासं झालं आणि निकोलस-जाक कोंते यानं १७९५ मध्ये एका वेगळ्या पद्धतीचं पेटंट घेतलं. हलक्या प्रतीच्या ग्राफाइटची पूड करायची, ती चिकणमातीत कालवायची, कांड्या पाडायच्या आणि भट्टीत भाजायच्या. ही टंचाईवरची पळवाट होती, पण तिच्यातून असं काही मिळालं जे बॉरोडेलच्या दगडात कधीच नव्हतं: मातीचं प्रमाण बदलून हवा तितका कठीण गाभा बनवता येऊ लागला. आजच्या लाकडी पेन्सिली याच पद्धतीच्या आहेत.

कारखान्यात ग्राफाइट आणि चिकणमाती पाण्यात एकत्र, खूप वेळ, बारीक दळतात. पाणी दाबून काढतात. उरलेला घट्ट लगदा छोट्या भोकातून शेवेसारखा दाबून काढला की लांब कांडी बाहेर येते. इथे एक गोष्ट नकळत साधते: ग्राफाइटचे कण चपटे असल्यामुळे भोकातून जाताना ते कांडीच्या लांबीच्या दिशेनं आडवे होतात, आणि कांडीला लांबीत बळकटी येते. कांड्या वाळवून, हवा न लागू देता, सुमारे १००० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजतात. हवा लागली तर ग्राफाइट जळून जाईल. भट्टीत मातीचा सच्छिद्र सांगाडा तयार होतो आणि ग्राफाइट त्यात अडकून बसतं. शेवटी कांड्या गरम मेणात किंवा चरबीत बुडवतात, मेण छिद्रांत शिरतं. पेन्सिल कागदावर खरखर न करता सरकते ती बऱ्याच अंशी या मेणामुळे.

प्रमाणाचा अंदाज हवा असेल तर नेहमी दिले जाणारे आकडे असे: एचबीमध्ये वजनानं सुमारे ६८ टक्के ग्राफाइट, २६ टक्के माती, उरलेलं मेण. ९बीमध्ये ग्राफाइट ९० टक्क्यांपर्यंत जातं आणि माती ४ टक्क्यांवर येते. ९एचमध्ये उलट, ग्राफाइट ४१ टक्के आणि माती ५३ टक्के. म्हणजे ती ग्राफाइटहून जास्त मातीचीच पेन्सिल झाली. मेण सगळ्यांत साधारण ५ टक्के. कंपनीगणिक हे आकडे हलतात.

ग्राफाइट कागदावर उतरतं म्हणजे काय होतं

ग्राफाइटमध्ये कार्बनचे अणू षटकोनी जाळीच्या पापुद्र्यांत बसलेले असतात. एका पापुद्र्यातल्या शेजारच्या अणूंमधलं अंतर ०.१४२ नॅनोमीटर आणि बंध अतिशय पक्के. दोन पापुद्र्यांमधलं अंतर ०.३३५ नॅनोमीटर, आणि तिथली ओढ क्षीण. त्यामुळे आडवा जोर लागला की पापुद्रे एकमेकांवरून घसरतात. मोह्‌सच्या मापावर ग्राफाइटचा कठीणपणा १ ते २ इतकाच भरतो, हिरा त्याच कार्बनचा असून १०.

हे घसरणं सर्वस्वी ग्राफाइटच्या अंगचं नाही, ही त्यातली गंमत. हवेतली वाफ आणि वायू ग्राफाइटच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि घसरण सोपी करतात. निर्वात जागेत ग्राफाइट चांगलं वंगण राहत नाही. उंचावर उडणाऱ्या विमानांच्या विजेच्या यंत्रांतले कार्बनचे ब्रश (फिरत्या भागाला घासत वीज पोचवणारे ठोकळे) झपाट्यानं झिजू लागले, तेव्हा इंजिनिअरांना हे कळलं.

आता करून पाहा. एचबी पेन्सिलीनं काचेवर रेघ ओढा: जवळजवळ काहीच उमटणार नाही. त्याच दाबानं साध्या कागदावर ओढा, मग पॉलिश पेपरच्या मागच्या बाजूवर, मग त्याच्या खरखरीत बाजूवर. पेन्सिल लिहिते याचा अर्थ कागदाचे तंतू तिला कानशीसारखे घासतात. काच घासत नाही, म्हणून काचेवर ती लिहीत नाही. साध्या कागदावरची रेघ भिंगातून पाहिलीत तर ती सलग दिसणार नाही. तंतूंच्या उंचवट्यांवर काळे तुकडे, मधल्या खोलगट जागा पांढऱ्या. ‘फिकट रेघ’ म्हणजे राखाडी रंगाचं ग्राफाइट नव्हे. काळे ठिपके विरळ पडलेत, एवढंच.

हेच पापुद्रे चिकटपट्टीनं सोलत सोलत आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी २००४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात एका अणूच्या जाडीचं ग्राफीन वेगळं काढलं आणि २०१० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवलं.

अक्षरं वाचून थांबू नका, पट्टी तयार करा

पेन्सिलीवरच्या अक्षरांचा अर्थ बहुतेकांना ठाऊक असतो. एच म्हणजे कठीण, बी म्हणजे काळी, आकडा वाढेल तसा तो गुण वाढतो. एचबी मध्ये, आणि एचबी व एच यांच्यामध्ये एफ. अमेरिकेत नुसते आकडे चालतात, तिथली २ नंबर म्हणजे साधारण आपली एचबी. अडचण अशी की या अक्षरांमागे सगळ्या कंपन्यांना बांधणारं एकच माप नाही. एका कंपनीची एचबी दुसरीच्या बीइतकी काळी असू शकते. चित्र किंवा आराखडा अर्ध्यावर असताना पेन्सिल संपली आणि दुसऱ्या कंपनीची आणली, तर छटा जुळत नाही ती यामुळेच. म्हणून आपल्याजवळच्या पेन्सिलींच्या छटांची पट्टी एकदा स्वतः करून ठेवावी.

छटांची तुलना करताना खरा घोळ घालतो तो हाताचा दाब. मऊ पेन्सिल हातात आली की आपण नकळत हलकं लिहितो, कठीण आली की दाबतो. त्यावर वजनकाटा हा उत्तम उपाय आहे.

१. जाड पुठ्ठ्यावर कागद चिकटपट्टीनं पक्का करा, पुठ्ठा काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा.

२. कागदावर २ सेंटिमीटरचे चौकोन आखा, प्रत्येक पेन्सिलीसाठी दोन.

३. पेन्सिलीला टोक करून ते रद्दी कागदावर चारपाच रेघा ओढून किंचित बोथट करा. अगदी ताज्या टोकाचे पहिले फटके फसवे असतात.

४. पेन्सिल साधारण ४५ अंशांत धरा. मनगट किंवा कोपर काट्यावर टेकवायचं नाही. काट्यावर १०० ग्रॅमच्या आसपास आकडा राहील इतक्या दाबानं पहिला चौकोन भरा, सगळ्या रेघा एकाच दिशेनं. आकडा नाचणारच, ८० ते १२० मध्ये राहिला तरी पुष्कळ.

५. दुसरा चौकोन ३०० ग्रॅमवर भरा. चारपाच रेघांनंतर पेन्सिल बोटांत थोडी फिरवत राहा, म्हणजे टोक एकाच बाजूनं झिजणार नाही.

सगळे चौकोन भरले की कागद उजेडात धरा. ६बीचे दोन चौकोन एकमेकांपासून बरेच वेगळे दिसतील, दाब वाढला तसा काळेपणा वाढला. २एचचे दोन्ही पुष्कळसे जवळचे दिसतील. मग खोलीतला दिवा बंद करून टॉर्च कागदाच्या पातळीत, कडेनं धरा. २एचच्या ३०० ग्रॅमच्या चौकोनात शेतातल्या तासांसारख्या चऱ्या दिसतील, ६बीच्या चौकोनात त्या मानानं कमी. मऊ पेन्सिलीला दिलेला जास्तीचा दाब ग्राफाइट उतरवण्यात खर्च होतो, कठीण पेन्सिलीला दिलेला कागद दाबण्यात. कठीण पेन्सिलीनं दाबून काढलेली रेघ खोडली तरी तिची खूण राहते, त्याचं उत्तर या चऱ्यांत आहे. कच्च्या आखणीला एच वापरावी हे खरं, पण हलक्या हातानं.

६बीचा चौकोन आता हळूहळू कलता करा. एका कोनात तो काळा न दिसता रुपेरी चमकेल. चपटे कण कागदावर आडवे निजतात आणि आरशासारखा उजेड परतवतात. म्हणूनच ग्राफाइटनं एका मर्यादेपलीकडे काळं करता येत नाही. थरावर थर दिले की चमक वाढत जाते, काळेपणा नाही. खोल काळा रंग हवा असेल तर कोळशाची किंवा कार्बनची पेन्सिल घ्या. आणि पेन्सिलचित्राचा फोटो काढताना उजेड कडेनं येऊ द्या, समोरच्या फ्लॅशनं सगळे गडद भाग पांढुरके येतात.

हीच कल्पना रंगलेपाच्या उद्योगात उलटी वापरतात. तिथे पेन्सिल हे माप आणि पृष्ठभाग हा परीक्षार्थी. आयएसओ १५१८४ या चाचणीत ७५० ग्रॅम भार दिलेली पेन्सिल ४५ अंशांत रंगाच्या थरावरून ढकलतात. कोणत्या श्रेणीपासून थराला खूण पडते त्यावरून त्याचा कठीणपणा सांगतात. अशा चाचण्यांतही पेन्सिली एकाच उत्पादकाच्या घ्यायच्या असतात, कारण वर सांगितलेलंच.

टोक कुठे तुटतं आणि का

हा माझा आवडता भाग आहे, कारण हिशेब सोपा असून त्याचा उपयोग रोजचा आहे.

लिहिताना पेन्सिल कललेली असते. कागद टोकाला जो दाब परत देतो त्याचा एक भाग पेन्सिलीच्या अक्षाच्या दिशेनं जातो आणि एक भाग आडवा. मोडायचं काम हा आडवा भाग करतो. टोकापासून जितकं मागे जावं तितका त्या दाबाचा वाकवण्याचा जोर वाढतो, कारण तरफ लांब होते. पण मागे जाताना शंकू जाडही होतो, आणि वाकवण्याला विरोध करायची ताकद व्यासाच्या घनानं वाढते. म्हणजे अगदी टोकाशी तरफ आखूड म्हणून ताण कमी, फार मागे जाडी जास्त म्हणून ताण कमी. मध्ये कुठेतरी तो सर्वाधिक असणार. गणित मांडलं की उत्तर सुटसुटीत येतं: टोकाच्या सपाट भागाचा व्यास जितका, त्याच्या दीडपट व्यास जिथे होतो तिथे.

आकडे घालून पाहा. साध्या शार्पनरनं केलेल्या शंकूची जाडी दर मिलिमीटरला सुमारे ०.४ मिलिमीटरनं वाढते असं धरू. टोक झिजून ०.४ मिलिमीटरचं झालं असेल तर ताण सर्वाधिक असेल ०.६ मिलिमीटर व्यासाच्या जागी, म्हणजे टोकापासून अर्ध्या मिलिमीटरवर. टोक १ मिलिमीटरचं बोथट असेल तर १.५ मिलिमीटर व्यासाशी, सव्वा मिलिमीटर मागे. अणकुचीदार पेन्सिलीचा कण उडतो आणि बोथट पेन्सिलीचा चांगला तुकडा पडतो, तो यामुळे.

टोक किती दाब सहन करेल हे टोकाच्या व्यासाच्या वर्गावर आणि शंकू किती उतरता आहे यावर ठरतं. व्यास दुप्पट केला की चौपट दाब चालतो. यावरून करायच्या गोष्टी:

ताजं टोक लगेच वापरू नका, रद्दीवर दोनचार फटके ओढून त्याचं सुईपण घालवा. इतक्यानंही सहनशक्ती कितीतरी वाढते. मऊ पेन्सिलीला आखूड शंकू ठेवा, कठीण पेन्सिलीला लांब चालतो. आराखडे काढणारे कठीण पेन्सिल कटरनं लांब तासून शिसं पॉलिश पेपरवर घासत, ते कठीण शिशालाच परवडायचं. आणि ज्यांचं टोक सारखं मोडतं त्यांनी पेन्सिल थोडी उभी धरून पाहावी, आडवा दाब आपोआप कमी होतो.

शार्पनरबद्दल दोनच गोष्टी. साल पंख्यासारखं सलग निघत असेल तर पातं ठीक; भुसा किंवा तुकडे पडू लागले की पातं गेलं. गेलेलं पातं लाकूड कापत नाही, ओढतं, आणि ती ओढ शिशाला बसते. पातं स्क्रूवर असेल तर बदलता येतं, नाहीतर शार्पनरच नवा घ्यावा. जोरानं पेन्सिल आत ढकलून काही साधत नाही.

लाकूड

लाकडाकडे कुणी लक्ष देत नाही, आणि वाईट पेन्सिलीत निम्मा दोष लाकडाचा असतो. पेन्सिलीचं लाकूड मऊ हवं, तंतू सरळ हवेत, गाठी नकोत, आणि आडवं कापलं तरी ते झिलप्या न निघता स्वच्छ कापलं गेलं पाहिजे. असं लाकूड फार झाडांचं नसतं. पूर्वी अमेरिकेतल्या पूर्वेकडच्या लाल सिडारला मागणी होती. ती झाडं इतकी तोडली गेली की पेन्सिलवाल्यांनी जुनी कुंपणं आणि कोठारं विकत घेऊन त्यांचं लाकूड वापरलं. पुढे कॅलिफोर्निया आणि ऑरेगनमधल्या इन्सेन्स सिडारनं ती जागा घेतली. तासताना येणारा गोडसर वास या सिडारचा. आज बासवूड आणि पॉप्लरही भरपूर वापरतात. पट्ट्यांना मेण आणि रंग मुरवून ती तासायला सोपी करतात.

पेन्सिल घेताना मागची बाजू पाहा. काळा ठिपका मधोमध हवा. तो सरकलेला असेल तर टोक करताना एका बाजूला लाकूड शिशावर चढून येतं, दुसऱ्या बाजूला शिसं उघडं पडतं, आणि कितीही तासलं तरी ते बरोबर येत नाही. मग पेन्सिल सपाट टेबलावर लोळवा. षटकोनी असली तरी वाकडी पेन्सिल मध्ये उचललेली दिसते. लाकूड वाकडं असेल तर आतल्या शिशावर आधीच ताण आहे.

वीज

ग्राफाइटच्या पापुद्र्यांत काही इलेक्ट्रॉन मोकळे असतात, त्यामुळे ते वीज वाहून नेतं. भाजलेली माती वाहून नेत नाही. मग माती जास्त तशी अडचण जास्त, हे मल्टिमीटरनं थेट दिसतं. पेन्सिलीला दोन्हीकडून टोक करा, मीटर ओहमच्या सर्वांत खालच्या पट्ट्यावर ठेवा, दोन्ही टोकांना टोचण्या टेकवा. मऊ पेन्सिलीचा आकडा कमी येईल, कठीणचा त्याहून जास्त. तुलना एकाच जाडीच्या गाभ्यांची करा, कारण जाड गाभा मुळातच कमी विरोध करतो.

मग ६बीनं कागदावर ५ सेंटिमीटर लांब, १ सेंटिमीटर रुंद पट्टा गच्च भरून तोही मोजा. इथे आकडा हजारांत जाईल, कारण थर पातळ आणि तुटक. ९ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी आणि हा पट्टा एकापुढे एक जोडले तर एलईडी मंद लागतो. तार पट्ट्यावरून सरकवत जवळ आणली की उजेड वाढतो. एलईडी पट्ट्याशिवाय थेट बॅटरीला जोडू नका, जळेल. अख्ख्या शिशाची दोन टोकंही बॅटरीला थेट लावू नका, शिसं चांगलंच तापतं. आणि घरच्या विजेच्या प्लगजवळ यातलं काहीही न्यायचं नाही.

परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत पेन्सिलीनं गोल भरायची पद्धत याच गुणातून निघाली. १९३८ च्या आयबीएम ८०५ या यंत्रात पेन्सिलीची खूण विजेच्या टोचण्यांनी ओळखली जाई. पुढची यंत्रं उजेडावर चालू लागली.

खोडणं

शाई तंतूंत मुरते, ग्राफाइट तंतूंवर बसतं. खोडता येतं ते म्हणून. १७७० मध्ये जोसेफ प्रीस्टली यांनी रबरानं पेन्सिल पुसली जाते अशी नोंद केली, त्याआधी पावाचा मऊ गर वापरत. रबर ग्राफाइटला कागदापेक्षा जास्त घट्ट धरतं आणि स्वतःचे तुकडे सोडत ते घेऊन जातं.

तुमच्या छटांच्या पट्टीवर दोन्ही खोडरबर चालवून पाहा. कठीण, किंचित खरखरीत गुलाबी रबरात घासणारी पूड असते. ते ग्राफाइटसोबत कागदाचा थरही काढतं. पांढरं मऊ प्लास्टिकचं रबर कागद जपतं. ६बीवर कोणतंही रबर घासण्याआधी मळण्याच्या रबरानं (कणकेसारखं मळता येणारं चित्रकारांचं रबर), ते नसेल तर पांढऱ्याच्या कोपऱ्यानं, टिपल्यासारखं दाबून वरचं ग्राफाइट उचला. नाहीतर जे पुसायचं तेच सगळीकडे फासलं जातं. बोटानं तर पुसूच नये, बोटाचं तेल कागदाला लागलं की डाग पक्का.

पांढऱ्या रबराचं कागदी वेष्टन फेकू नका. या रबरात ते मऊ राहावं म्हणून घातलेलं द्रव्य हळूहळू बाहेर झिरपतं आणि प्लास्टिकचे कंपास, पट्ट्या, पेन्सिलीवरचा रंग यांना चिकटून ते वितळवतं.

लीडची पेन्सिल आणि रंगीत पेन्सिल

खटक्याच्या पेन्सिलीतल्या बारीक लीडमध्ये बहुतेक वेळा माती नसते. ०.५ मिलिमीटरची मातीची कांडी टिकणार नाही, म्हणून ग्राफाइट रेझिनमध्ये (राळेसारख्या चिकट द्रव्यात) कालवून भाजतात आणि रेझिनचाच कार्बन होऊन तो बांधून ठेवतो. वाकवण्याचा घनाचा नियम इथेही लागू आहे: लीड सारखंच बाहेर काढलं तर ०.७ चं लीड ०.५ च्या पावणेतीनपट दाब सोसतं. हात जड असेल तर ०.७ घ्या, भांडण मिटलं.

रंगीत पेन्सिलीचा गाभा भाजत नाहीत, रंगद्रव्य भट्टीत टिकणार नाही. रंगद्रव्य, मेण किंवा तेल, डिंकासारखा बंध आणि पांढरी भर, एवढंच. मेण तंतूंना धरून बसतं म्हणून ती नीट खोडत नाही. ग्राफाइट उजेडानं विटत नाही, रंगीत पेन्सिलींचे काही रंग विटतात. भिंतीवर लावायचं चित्र असेल तर खोक्यावर प्रकाशात टिकण्याची खूण पाहून घ्या.

पडलेली पेन्सिल

जमिनीवर पडली की बाहेरून धड दिसते आणि नंतर टोक केलं की शिसं निसटून येतं, पुन्हा केलं की पुन्हा. शिसं लाकडाला नीट चिकटवलेलं असेल तर लाकूड धक्का वाटून घेतं. चिकटवलेलं नसेल तर आत तीनचार तुकडे होतात. संशय असेल तर दोन्ही बाजूंनी टोक करून मल्टिमीटर लावा आणि पेन्सिल हलकेच वाकवा. धड शिशाचा आकडा स्थिर राहतो, तुटलेल्याचा बहुधा नाचतो किंवा येतच नाही. मीटर नसेल तर टोकाला नख लावून शिसं हलतंय का पाहा. हलत असेल तर शार्पनरमध्ये वारंवार फिरवत बसू नका. कटरनं लाकूड तासत तुटलेल्या जागेच्या मागे जा, सुटा तुकडा काढून टाका आणि तिथून नवं टोक करा.